नाघबोच म्हणजे नागमणी नव्हे

परवा भाचीचा फोन. "मामा, क्लिंगॉन भाषा संस्कृतातूनच आलीय ना? मी प्रोजेक्टच्या वहीत लिहिलंय." तिला आलेला मेसेज तोवर माझ्याकडेही तीनदा येऊन गेला होता. त्यात म्हटलं होतं की 'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानमालिकेतल्या क्लिंगॉन नावाच्या परग्रहवासीयांच्या भाषेत रत्नांना तीनशे शब्द आहेत आणि ते सगळे संस्कृतातून उचललेले आहेत. पुरावा काय, तर 'नाघबोच' म्हणजे नागमणी आणि 'चा'पुजकुत' म्हणजे पूजेचा स्फटिक. शिवाय तो स्फटिक खरोखर मिळतो, पाण्यात ठेवून ते पाणी प्यावं! मोठी माणसं असलं काही पुढे ढकलतात तेव्हा मी सोडून देतो. पोरीच्या वहीत गेलं म्हटल्यावर सोडवेना.

आधी तो नागमणी. 'नाघ' म्हणजे दगड, 'बोच' म्हणजे चमकणे. क्लिंगॉनमध्ये विशेषण नामाच्या मागून येतं, म्हणून 'नाघबोच' हा झाला चमकता दगड, म्हणजेच रत्न. साप कुठेच नाही. 'चा'पुजकुत'मध्ये 'चा'' म्हणजे दोन आणि 'कुत' म्हणजे स्फटिक. 'चा'पुज' हे डायलिथियम या मालिकेतल्या काल्पनिक पदार्थाचं क्लिंगॉन नाव, त्यातल्या 'डाय'साठी, म्हणजे दोनसाठी, तो 'चा'' बसवलाय. पूजा आली ती फक्त आपल्या कानाला. असं कानानेच ठरवायचं तर खनिजाला 'त्ल्हिल' म्हणतात, त्याचे तीळ करा आणि संक्रांतीला वाटा.

ही भाषा कुठून आली हे शोधायला पुराणं उघडावी लागत नाहीत. 1979च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटातले मोजके शब्द जेम्स डूहन या नटाचे. त्यांवरून पुढे मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने अख्खी भाषा रचली आणि 1985 साली तिचा कोश काढला, व्याकरणासकट. 'चा'पुजकुत' त्यातच आहे. या गृहस्थांचा प्रबंध होता मुत्सुन या कॅलिफोर्नियातल्या मूलनिवासी भाषेच्या व्याकरणावर. वाक्यात कर्म आधी, मग क्रियापद आणि कर्ता सगळ्यात शेवटी, असा उलटा क्रमही त्यांनी मुद्दाम ठेवला.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. क्लिंगॉनचा 'ड' आपल्यासारखाच जीभ टाळूकडे वळवून म्हणायचा असतो आणि त्यांचा 'स' आपल्या 'ष'च्या जवळ जातो. इंग्रजी बोलणाऱ्यांची तिथे दमछाक होते, आपली होत नाही. पण मूर्धन्य 'ड' तमिळमध्येही आहे आणि स्वीडिशमध्येही. स्वीडिश लोकांनी अजून क्लिंगॉनवर हक्क सांगितलेला नाही.

आता ते तीनशे शब्द. पहिल्या कोशात सगळे विषय धरून दोन हजार शब्दही नव्हते, त्यात रत्नांना तीनशे कुठून येणार? चाहते स्वतः शब्द पाडत नाहीत. ओक्रँड देतील तोच शब्द खरा, असा त्यांचा शिरस्ता आहे. उलट रत्नांच्या बाबतीत ही भाषा चक्क कंजूष आहे. रंगांना मूळ शब्द चारच: 'चिष' पांढरा, 'किज' काळा, 'डोक' लाल आणि नारिंगी, आणि 'षुड' म्हणजे हिरवा, निळा, पिवळा सगळं एकातच. म्हणजे पाचू षुड, नीलम षुड, पुष्कराजही षुडच. पिवळाच म्हणायचा असेल तर 'षुड आणि फिकट' अशी कसरत करावी लागते.

त्या पाण्याचं थोडक्यात सांगतो. डायलिथियमचा स्फटिक मालिकेतला आहे, 1966च्या सुरुवातीच्या भागांत तर त्याला नुसता लिथियमचा स्फटिक म्हणत. खऱ्या जगात लिथियमच्या दोन अणूंची जोडी आढळते ती वाफेत, खड्यात नाही. आणि लिथियमचे क्षार हे मानसिक आजारावरचं औषध आहे. ते रक्त तपासत, मोजूनमापून देतात, कारण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार अंतर नसतं. त्या नावाखाली कुणी खडा विकत असेल तर तो काय आहे ते विकणाराच जाणे. पाण्यात घालू नका.

भाचीने ते पान फाडलं. नवीन पानावर तिने तीन खडे रंगवलेत, हिरवा, निळा, पिवळा, आणि तिन्हींखाली 'षुड' लिहिलंय. बाई चूक काढतील का, असं विचारत होती.