‘लॅग म्हणजे वरची ओळ’ हे सूत्र का टिकत नाही

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, शिकवणाऱ्या पोस्टांमधून एक दावा सारखा फिरत असतो. थोडक्यात तो असा: ‘लॅग म्हणजे वरची ओळ, लीड म्हणजे खालची ओळ. हे सेल्फ जॉइनचंच छोटं रूप आहे. पहिल्या ओळीत नल आलं तर शून्य घाला, नको त्या तारखा वेअरमध्ये गाळा, झालं काम.’ (लॅग आणि लीड ही फंक्शन्स एका ओळीसोबत क्रमाने तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या ओळीतलं मूल्य आणून देतात. सेल्फ जॉइन म्हणजे टेबल स्वतःशीच जोडणं, नल म्हणजे मूल्यच नसणं, वेअर म्हणजे ओळी गाळण्याची अट.) पाठ करायला सोपं, म्हणून पसरतं. पण यातलं प्रत्येक वाक्य चुकीच्या उत्तराकडे नेऊ शकतं. क्वेरी कुठेच अडत नाही, त्यामुळे ते उत्तर थेट रिपोर्टमध्ये जाऊन बसतं.

एकच उदाहरण धरू. वीजमीटरच्या नोंदींचं टेबल, कॉलम तीन: मीटर, तारीख, रीडिंग. मीटर ‘क’चं रीडिंग १ तारखेला १००, २ तारखेला ११२, ५ तारखेला १६०. मधल्या दोन दिवसांची नोंदच नाही. मीटर ‘ख’चं १ तारखेला २०.

‘वरची ओळ.’ कशाच्या वरची? टेबलातल्या ओळींना स्वतःचा क्रम नसतो. शेजारी कोण, हे लॅगपुढे लिहायच्या ओव्हरच्या कंसातला ऑर्डर बाय, म्हणजे क्रम लावणारा भाग, ठरवतो, आणि क्वेरीच्या शेवटी लिहिलेल्या ऑर्डर बायशी त्याचा काही संबंध नाही. कंसात तारीख चढत्या क्रमाने लावा आणि शेवटी उतरत्या क्रमाने. लॅग तरीही आधीच्या तारखेचंच रीडिंग देईल, आणि स्क्रीनवर ती ओळ खाली दिसत असेल. ‘वरची ओळ’ पाठ केलेला माणूस इथे हमखास गोंधळतो.

पार्टिशन बाय, म्हणजे त्याच कंसात प्रत्येक मीटरच्या ओळींचा वेगळा गट करणारा भाग, विसरणं त्याहून महागात पडतं. कंसात नुसतं मीटर आणि तारखेने क्रम लावला, तर ‘ख’च्या पहिल्या ओळीचा शेजारी ‘क’ची शेवटची ओळ ठरते. २० वजा १६०, म्हणजे वापर उणे १४०. उणे आकडा निदान डोळ्यांना खुपतो. ‘ख’चं रीडिंग २०० असतं तर ४० युनिट असा अगदी सभ्य दिसणारा आकडा आला असता आणि कुणाला शंकाही आली नसती.

तिसरी गोष्ट बरोबरीची. एका मीटरच्या एकाच दिवशी दोन नोंदी असल्या आणि कंसात फक्त तारीख असली, तर त्या दोघींतली आधी कुठली, हे ठरलेलंच नाही. आज एक उत्तर येईल, उद्या इंडेक्स (टेबलात शोध लवकर व्हावा म्हणून ठेवलेली सूची) बदलला की दुसरं. वेळ किंवा नोंद क्रमांक जोडून क्रम पक्का करायलाच हवा.

‘सेल्फ जॉइनचंच छोटं रूप.’ हा समज कुठून आला, ते कळण्यासारखं आहे. लॅग-लीड ज्या गटात मोडतात ती विंडो फंक्शन्स पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये २००९ साली आली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॅग-लीड २०१२च्या आवृत्तीत आले, मायएसक्यूएलमध्ये तर २०१८च्या ८.० आवृत्तीत. तोवर अनेकांनी ही कामं जॉइननेच केली. पण ‘तारीख वजा एक दिवस’ या अटीने टेबल स्वतःलाच लेफ्ट जॉइन (जोडी नसली तरी ओळ ठेवणारा जॉइन) करून बघा. ५ तारखेसाठी तो ४ तारखेची ओळ शोधतो, ती नाही, म्हणून नल येतं. लॅग मात्र २ तारखेचे ११२ देतो आणि फरक ४८ येतो. पहिला विचारतो ‘काल किती होतं?’, दुसरा विचारतो ‘मागच्या नोंदीत किती होतं?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हे ४८ एका दिवसाचा वापर म्हणून छापले तर ती चूक तुमची. तारखेवरही लॅग लावून तीन दिवसांचं अंतर काढलं, तर दिवसाला सरासरी १६ युनिट हे खरं उत्तर मिळतं. ‘कालचंच’ हवं असेल तर जॉइन हेच योग्य साधन आहे, त्यात कमीपणा नाही.

टेबलात आपोआप वाढणारा नोंद क्रमांक, म्हणजे आयडी, असला तर ‘आयडी वजा एक’ या अटीवरचा जॉइन मात्र सोडूनच द्या. रद्द झालेल्या ट्रान्झॅक्शनमुळे आणि डिलीट केलेल्या ओळींमुळे आयडीत खिंडारं पडतात.

‘नल आलं तर शून्य घाला.’ लॅगचा तिसरा आर्ग्युमेंट, म्हणजे नलऐवजी द्यायची किंमत, शून्य दिला, की ‘क’चा १ तारखेचा वापर १०० युनिट दिसतो. तो वापर नव्हे, मीटरवर आधीपासून असलेला आकडा आहे. इथे नल हेच प्रामाणिक उत्तर: तुलना करायला आधीची नोंद नाही.

त्यात एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. तिसरा आर्ग्युमेंट फक्त शेजारी ओळच नसेल तेव्हा लागू होतो. शेजारी ओळ आहे पण तिचं रीडिंगच नल आहे, तर लॅग नलच देतो. बाहेरून कोअलेस (नलच्या जागी दिलेली किंमत घालणारं फंक्शन) लावलं की दोन्ही प्रकार एकाच शून्यात बुडतात. पहिली नोंद आणि हुकलेलं रीडिंग वेगळं ओळखायचं असेल, तर तारखेसारख्या कधीच नल नसणाऱ्या कॉलमवर लॅग लावा. तिथे नल आलं, तरच ती खरोखर पहिली ओळ.

‘वेअरमध्ये गाळा.’ मला सर्वांत धोकादायक वाटतो तो हा सल्ला. वेअर, ग्रुप बाय (ओळींचे गट करणं) आणि हॅविंग (गट गाळण्याची अट) आटोपल्यावर विंडो फंक्शनची पाळी येते. ‘तारीख ५ किंवा पुढची’ असं वेअरमध्ये लिहिलं, की २ तारखेची ओळ लॅगच्या नजरेस पडतच नाही. ४८च्या जागी नल येतं, आणि शून्याचा सल्ला आधीच पाळला असेल तर वापर थेट १६० युनिट! दोन चुका एकमेकींना झाकतात. उपाय सरळ आहे: आतल्या क्वेरीत लॅग काढायचा, तारखेची अट बाहेरच्या क्वेरीत लावायची. पार्टिशन मीटरवर असेल तर मीटरची अट आत चालते, कारण तिने एका मीटरच्या सगळ्या ओळी एकत्र राहतात किंवा एकत्र जातात. टेबल मोठं असेल तर तारखेची अटही आत ठेवता येईल, पण मग प्रत्येक मीटरची त्या तारखेआधीची शेवटची नोंद सोबत घ्यावी लागते, आणि ती नोंद किती जुनी असेल याचा आधी अंदाज बांधता येत नाही.