गाडीची किल्ली आणि अर्धा 'स'

आत्ताच ओल्ड गोव्याहून आले. डोकं तापलंय, लिहून मोकळी होते.

तिथल्या टेकडीवर माउंटची कपेल, म्हणजे छोटं चर्च आहे, तिथे गेले होते. खाली माडांतून से कॅथेड्रलचा एकुलता मनोरा (जोडीचा १७७६ मध्ये पडला), मागे मांडवी, पलीकडे दिवाडी बेट. दोन मिनिटं गप्प उभी होते, तर मागून खर्र खर्र. एक पोरगा गाडीच्या किल्लीने कपेलीच्या पांढऱ्या भिंतीवर नाव कोरत होता. मराठीत! मी ओरडले, तर म्हणतो, "काकी, भिंतच तर आहे."

भिंतच तर आहे.

सातवीत असताना मीही बांद्याच्या घरी, बाबांनी नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर कोळशाने 'सुजाता' लिहिलं होतं. बाबांनी मारलं नाही. कळीचा चुना पिंपात भिजत घातला आणि फसफसून निवल्यावर काठी हातात दिली, ढवळ म्हणाले. दुपारभर. "ही चिऱ्याची कातडी आहे," एवढंच बोलले.

खरंच आहे ते. बॉम जेझू चर्चची हीच कातडी, म्हणजे चुन्याचा गिलावा, १९५०च्या दशकात सोलून काढली, का तर जुनं दिसावं म्हणून. तेव्हापासून तो जांभा पाऊस पितोय आणि आपण तिथे 'वॉव, लाल दगड' म्हणत फोटो काढतो! ही माउंटची कपेल पडायला आली होती, फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेने पुन्हा उभी केली. कशासाठी? किल्ल्या घासायला?

आता कोणीतरी म्हणेलच, पोर्तुगिजांची वास्तू, तुला कशाला पुळका? गोवा जिंकणारा आल्बुकर्क काही संत नव्हता, पुढे पोर्तुगिजांनी देवळं पाडली, मान्य. पण ती भिंत बांधताना चुना कोणी ढवळला असेल, लिस्बनहून माणसं आली होती का? इथल्याच कोणाच्यातरी बाबांनी ना?

बरं, वर ना रखवालदार ना कचऱ्याचा डबा, हेही खरं. आणि या पोरांना निवांत बसायला गावात जागा तरी कुठे आहे. असो.

त्याचा अर्धा 'स' कोरून झाला होता. त्याने किल्ली खिशात घातली, अंगठ्याने ती रेघ पुसायचा प्रयत्न केला. पुसली जाते होय! सोबतची मुलगी खाली बघत होती. नंतर पायऱ्या उतरताना वाटलं, जरा जास्तच बोलले.

बांद्याच्या भिंतीवर दरवर्षी दोन हात चुना बसतो. तरी श्रावणात ओल धरली की माझा 'सु' वर येतोच.