ट्रॉलीला इंजिन नाही म्हणून ती रस्त्यात सोडायची?

काल संध्याकाळी तात्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "वाच. आता कोण अडवतंय बघू." व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज होता. गावाकडच्या रस्त्यांना पार्किंगचा कायदा लागत नाही, पाटी नसेल तर दंड नाही, 10 तास गाडीला कुणी हात लावू शकत नाही, आणि ट्रॉलीला इंजिन नसल्यानं ती वाहनच नव्हे. हा मेसेज मला आधीही दोनदा आला होता, मी सोडून दिला. पण तात्यांच्या दोन ट्रॉल्या उसाला लागल्यात, आता गप्प बसवत नाही.

आधी ट्रॉलीचं. मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 122 काढून वाचा. धोका, अडथळा किंवा नाहक गैरसोय होईल असं वाहन सार्वजनिक ठिकाणी उभं ठेवायचं नाही, आणि त्याच वाक्यात ट्रेलरही नाव घेऊन आलाय. इंजिनाचा प्रश्न येतोच कुठं?

हंगामात आमच्याकडं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ट्रॉली पंक्चर होते, ड्रायव्हर हूक काढतो, चाकाला दगड लावतो आणि ट्रॅक्टर घेऊन निघून जातो. मागचा रिफ्लेक्टर लोंबणाऱ्या उसानं झाकलेला. समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यांवर आला की ट्रॉली दिसतच नाही, आणि दिसते तेव्हा ब्रेक मारायला जागा नसते. गेल्या वर्षी उसाचं टोक माझा खांदा घासून गेलं. सकाळी ट्रॉली हलली, दगड मात्र दोन दिवस डांबरावर तसेच पडून होते.

हद्दीचं म्हणाल तर, लोकांना जायचा हक्क आहे असा कुठलाही रस्ता कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक ठिकाण ठरतो. नगरपालिका की ग्रामपंचायत, हा भेद तिथं नाही. कलम 122 ला पाटीही लागत नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम 285 आहेच, सार्वजनिक रस्त्यात अडथळा केला तर 5000 रुपयांपर्यंत दंड.

10 तासांचा आकडा मोटार वाहन कायद्याच्याच कलम 127 मध्ये आहे, हे मान्य. पण मेसेजवाल्यानं अर्धंच वाक्य उचललंय. पार्किंगला बंदी असलेल्या जागी गाडी असेल, तर ती उचलायला 10 तास थांबावं लागत नाही, असं पुढं तिथंच म्हटलंय. आमच्या रस्त्याला पोलीस क्वचितच फिरकतात, हेही खरं. म्हणून कायदा नाही असं होत नाही.

"मग पंक्चर झालेली ट्रॉली काय डोक्यावर घेऊ?" तात्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. जमेल तेवढी साइडपट्टीवर घ्या, बॅटरी देऊन एक माणूस मागं उभा करा, ऊस बाजूला सारून रिफ्लेक्टर मोकळा करा. आणि निघताना दगड उचला.