दहा टक्क्यांच्या नियमाबद्दल खुलासा

पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, की यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमानुसार कुठल्याही असाईनमेंटमध्ये १० टक्क्यांच्या वर कॉपी सापडली तर डायरेक्ट ॲडमिशन रद्द. हे चुकीचंय, प्लीज पुढे पाठवू नका. काल सेकंड इयरची एक मुलगी वीस पानांचा प्रिंटआऊट घेऊन रडकुंडीला आलेली, कॉपी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने तिचं सगळं पिवळं करून ठेवलेलं आणि त्यात निम्मी तर शेवटची पुस्तकांची यादीच होती!

यूजीसीचे वाङ्मयचौर्याचे नियम २०१८ चे आहेत, आणि ते थीसिस, डिझर्टेशन, रिसर्च पेपर असल्या लिखाणाला लागतात. असाईनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, उत्तरपत्रिका हे त्यातून स्पष्टपणे वगळलंय. आणि थीसिसलासुद्धा एकदम रद्द वगैरे नाही, १० टक्क्यांपर्यंत कॉपी असेल तर शिक्षा नाही, १० ते ४० मध्ये जास्तीत जास्त ६ महिन्यांत सुधारून परत द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द. संदर्भ देऊन घेतलेले उतारे आणि ग्रंथसूची मोजायचीच नसते, ती आधी वगळून घ्या.

पण याचा अर्थ असाईनमेंट बिनधास्त उतरवा असा नाही हां, तिथे तुमच्या कॉलेजचे आणि विद्यापीठाचे नियम चालतात, ते डिपार्टमेंटमध्ये जाऊन लेखी मागा. आरोप झालाच तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, कुणी नुसता टक्का दाखवून सही मागितली तर करू नका.