मीटरवर तीन व्होल्ट दिसले म्हणून सेल चांगला ठरत नाही

द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला की सांगली-तासगाव भागातल्या कोल्ड स्टोरेजवाल्यांच्या ग्रुपवर ‘डेटा लॉगरचा खर्च वाचवा’ असा एक मेसेज फिरायला लागतो. (डेटा लॉगर म्हणजे खोलीचं किंवा मालाचं तापमान ठराविक वेळानं आपोआप नोंदवणारी, सेलवर चालणारी डबी.) त्यात सांगितलेलं थोडक्यात असं: मीटरवर ३ व्होल्ट दिसले की सेल चांगला, कंपनीचा महाग सेल घेण्यापेक्षा त्याच मापाचा चार्जिंगचा सेल बसवा, उतरलेला सेल मोबाईलच्या चार्जरला थोडा वेळ लावला की पुन्हा चालतो, सेल काढला की रेकॉर्ड पुसलं जातं, म्हणून पार बंद पडेपर्यंत काढूच नका, नवा सेल टाकूनही चालू झाला नाही तर लॉगर भंगारात द्या, आणि शिल्लक सेल फ्रिजमध्ये ठेवा.

लोक हे विश्वासानं पुढे पाठवतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो. लॉगर ही छोटी डबी असली तरी मालावरून वाद झाला की पहिल्यांदा तिचंच रेकॉर्ड मागितलं जातं. बेदाणा महिनोन्‌महिने खोलीत असतो, द्राक्षं प्री-कूलिंगमधून, म्हणजे पाठवण्याआधी झटपट थंड होऊन, कंटेनरमध्ये जातात. मधले चार तास रेकॉर्डमध्ये नसतील, तर त्या चार तासांत मशीन चालू होतं हे तुम्ही कशावरून सांगणार?

पहिला मुद्दा मीटरचा. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो.

बऱ्याच छोट्या लॉगरमध्ये सीआर २०३२ हा बटण सेल असतो. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. मल्टिमीटर लावला की तो सेलकडून जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे निम्म्याहून जास्त वापरलेला सेलही ३ च्या आसपास आकडा दाखवतो. लॉगरचं काम वेगळं आहे. तो बहुतेक वेळ झोपलेला असतो, पण नोंद मेमरीत लिहिताना किंवा ब्लूटूथवरून पाठवताना क्षणभर काही मिलिअँपिअर ओढतो. थंडीत सेलचा आतला रोध वाढतो. द्राक्षाची खोली शून्य अंशाच्या आसपास असते. तिथं जुन्या सेलवर तो क्षणभराचा भार पडला की व्होल्टेज खाली कोसळतं आणि चिप रिसेट होते. तोच लॉगर ऑफिसात आणून मीटर लावा, पुन्हा ३ व्होल्ट! ‘खोलीत बंद पडतो, टेबलावर चालतो’ ही तक्रार ऐकली की आधी सेलवर संशय घ्यावा.

तपासायचा तर भार देऊन तपासा. सेलच्या दोन टोकांना १ किलोओहमचा रेझिस्टर (करंटला अडवणारा छोटा सुटा भाग) लावा, त्याच्यावरच मीटर धरा आणि चार-पाच सेकंद आकडा पाहा. चांगला सेल ३ च्या आसपास टिकून राहतो. आकडा डोळ्यांदेखत अडीचकडे घसरू लागला तर सेल बदला. हे सेल थंड असतानाच करा, गरम झाल्यावर चाचणीला अर्थ उरत नाही.

मोठ्या लॉगरमध्ये पेन्सिल सेलच्या मापाचा, पण ३.६ व्होल्टचा ईआर १४५०५ असतो. हा लिथियम-थायोनिल क्लोराइडचा सेल. खोलीच्या तापमानाला वर्षाला एक टक्क्याच्या आसपासच आपोआप उतरतो आणि थंडीतही टिकतो, म्हणूनच तो निवडलेला असतो. पण त्याचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम पडतं. त्यामुळे किती शिल्लक आहे हे मीटर सांगूच शकत नाही. सेल बसवल्याची तारीख स्टिकरवर लिहून झाकणाच्या आत चिकटवा, तोच खरा हिशेब. अशा बऱ्याच लॉगरमध्ये दिसणारी बॅटरीची टक्केवारीही वापराच्या तासांवरून मोजलेली असते, म्हणून सेल बदलल्यावर सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा नव्यानं सुरू करावा लागतो. नोंद दर मिनिटाला लावलीय की पंधरा मिनिटांनी, यावरही आयुष्य ठरतं. बेदाण्याच्या खोलीला दर मिनिटाची नोंद कशाला हवी?

‘नवा सेल टाकूनही चालू झाला नाही तर लॉगर गेला’ हा मुद्दा याच सेलशी जोडलेला आहे. थायोनिल क्लोराइडचा सेल वर्ष-दोन वर्षं कपाटात पडून राहिला की आतल्या लिथियमवर लिथियम क्लोराइडचा पातळ थर बसतो. तोच त्याला इतकी वर्षं टिकवतो. पण पहिला भार पडताच त्या थरामुळे व्होल्टेज काही वेळ दबलेलं राहतं आणि लॉगर जागा होत नाही. सेलला ३३० ओहमचा रेझिस्टर काही मिनिटं लावून ठेवा. साधारण दहा मिलिअँपिअर वाहतात, थर मोडतो, व्होल्टेज वर येतं. मग सेल बसवा. त्याआधी जुना सेल काढून मिनिटभर थांबा आणि लॉगरचं बटण दाबून धरा, म्हणजे आतल्या कपॅसिटरमध्ये साठून उरलेली वीज निघून जाईल. अर्धवट अडकलेली चिप बरेचदा एवढ्यानंच सुटते.

तरीही चालला नाही तर स्प्रिंग आणि पत्र्याचे संपर्क भिंगानं बघा. द्राक्षाच्या पेटीत बुरशी रोखायला जो ग्रेपगार्डचा कागद घालतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल होतं आणि पेटीत ठेवलेल्या लॉगरचे संपर्क ते खातं. स्प्रिंगवर हिरवट किंवा पांढुरकी पूड दिसली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्या. झाकणाची रबरी रिंग चिरली असेल तर बदला, चांगली असेल तर सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. आणि थंड खोलीतून आणलेला लॉगर लगेच उघडू नका. बंद प्लास्टिक पिशवीत ठेवून तो बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दमट हवेतलं पाणी थेट सर्किटवर जमतं. भंगारात जाणारे कितीतरी लॉगर एवढ्या देखभालीवर पुन्हा कामाला लागतील.

आता चार्जिंगचा सेल. माप सारखं, पण आत रसायन वेगळं. सीआर २०३२ च्या जागी बसणारा एलआयआर २०३२ पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट देतो, आणि लॉगरमधल्या अनेक चिपची मर्यादा ३.६ व्होल्ट असते. शिवाय साध्या सेलची क्षमता सव्वादोनशे मिलिअँपिअर-तासांच्या जवळ, तर याची चाळीसच्या आसपास. ईआर १४५०५ च्या जागी १४५०० नंबरचा चार्जिंगचा सेल घातला तरी तेच: व्होल्टेज जास्त, साठा कमी. पैसे वाचतच नाहीत. मेसेजमधली एक तक्रार मात्र रास्त आहे. लॉगर विकणारे कधी कधी साध्या सेलचे अवाच्या सवा पैसे लावतात. त्यावर उपाय असा की सेलवर छापलेला तोच कोड असलेला, नावाजलेल्या उत्पादकाचा सेल घ्या. सोबत वायर जोडलेला असेल तर वायरसकटच मागा, सेलवर थेट सोल्डरचा डाग देऊ नका. कंटेनरमध्ये जाणारे एकदाच वापरायचे सीलबंद लॉगर तर उघडूच नयेत.

सगळ्यात धोक्याचा सल्ला म्हणजे उतरलेला सेल चार्जरला लावणं. कळकळीनं सांगतो, हे करू नका आणि कुणाला करू देऊ नका. सीआर आणि ईआर हे सेल चार्ज होण्यासाठी बनवलेलेच नसतात. आत दाब वाढून ते फुटतात. ईआर सेलमधलं थायोनिल क्लोराइड बाहेर पडलं की हवेतल्या ओलाव्याशी त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सल्फर डायऑक्साइड होतो. बंद केबिनमध्ये हा वायू माणसाच्या छातीत जातो.

रेकॉर्ड पुसलं जातं हेही सरसकट खरं नाही. आजच्या बहुतेक लॉगरमध्ये नोंदी फ्लॅश मेमरीत असतात, सेल काढला तरी त्या राहतात. जातं ते घड्याळ. म्हणून क्रम असा ठेवा: आधी डेटा उतरवून घ्या, मग सेल बदला, मग घड्याळाची वेळ जुळवा, मग नवीन नोंद सुरू करा. घड्याळ न मिळवता सुरू केलेलं रेकॉर्ड चुकीच्या तारखांनी भरतं आणि तेही वादात उपयोगी पडत नाही.

फ्रिजमध्ये सेल ठेवून काही साधत नाही, उलट बाहेर काढल्यावर त्यावर पाणी जमतं. कोरड्या कपाटात, मूळ पाकिटात ठेवा. काढलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ते ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तोवर हे सेल ज्या डब्यात ठेवाल त्याला घट्ट झाकण हवं आणि तो उंचावर हवा. बटण सेल लहान मुलानं गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत न बसता मुलाला तडक एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या.