भजन ऐकायचंय? आधी अकाउंट काढा

भाऊ, तुम्ही अजून फोल्डर उघडून गाण्यावर दोनदा क्लिक करता? कसं होणार लेका तुमचं. त्याच्यासाठी म्युझिक लायब्ररीचं भलंमोठं सॉफ्टवेअर टाकावं लागते, तेही धुऱ्यावरच्या लिंबाखाली बसून, कारण घरात रेंज नाई. दिवसाचा सगळा डाटा त्यातच जाते, जाऊ द्या, कापसाचे भाव उद्या पाहू. (1997 चा तो जुना विनॅम्प आख्खा एका भजनाएवढाही नव्हता, पण तो बिचारा फक्त गाणं वाजवे, त्यात काय प्रगती.)

टाकलं म्हंजे लगेच गाणं लावाचं नाई. आधी अकाउंट, मग पासवर्ड, मग ओटीपी, मग ते कार्ड मागते. इकडे बाबा ओसरीवर खंजेरी घेऊन बसले, "लाव न बे तुकडोजी महाराजाचं भजन". तुम्ही शांतपणे सांगा, बाबा थांबा, अटी मान्य करून रायलो.

मग त्याले सारा लॅपटॉप धुंडाळू द्या. कृषी केंद्रवाल्यानं पाठवलेली बोंडअळीची क्लिप, मामाचा "पोहोचलो रे" वाला व्हॉइस मेसेज, वरातीतला डीजे, सगळे आता एकाच रांगेत कलाकार. शफल लावा अन् मजा पाहा, भजन रंगात आलं की मधातच "कामगंध सापळे लावा".

अन् नावं? ते तर विचारूच नका. एमपीथ्रीच्या सगळ्यात जुन्या टॅगमध्ये, म्हंजे फाइलीतच असलेल्या गाण्याच्या माहितीच्या चिठ्ठीत, नावाले जागा 30 बाइट. इंग्रजीची 30 अक्षरं त्यात आरामात बसतात, पण आपल्या देवनागरीचा काना, मात्रा, पाय मोडणं सगळं वेगळं मोजतात, अन् यूटीएफ-8 मध्ये, म्हंजे कम्प्युटरच्या अक्षरं साठवाच्या पद्धतीत, एकेकाले 3 बाइट लागतात. "राष्ट्रसंत" लिहून पाहा, बरोब्बर 30 झाले. तुकडोजी महाराज बाहेर उभे! हे पण नशीब चांगलं असलं तर, नाईतर नुसते चौकोन अन् प्रश्नचिन्हं. तुम्ही मात्र निराश न होता साडेचारशे भजनांची नावं हातानं भरा, तुरीवर फवारणी काय, पुढच्या वर्षीही होईल.

आता फोन जोडा. ते विचारील, हा फोन दुसऱ्या लायब्ररीचा आहे, पुसून सिंक करू का? एवढ्या अदबीनं विचारते तर नाई कसं म्हणावं, म्हणून मी "हो" म्हटलं. आजोबाच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं भजन त्या फोनातच होतं. एकच कॉपी. त्याच्यावर जोक सुचला तर सांगतो.

तेवढ्यात ट्रॅक्टरवरून गडी जाते, टेपले दहा वर्षांचा पेनड्राइव, तालुक्याच्या मोबाईल दुकानातून भरून आणलेला, ना अकाउंट ना टॅग, बेक्कार वाजून रायला. तिकडे लक्ष देऊ नका. अडाणी लोक आहेत, त्याइले लायब्ररी काय समजते.

बाबा खंजेरी ठेवून कधीचे झोपले असतील. स्क्रीनवर आता नवीन अपडेट आलं असंल, त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाई. घाई करू नका. या हप्त्यात शेतातली लाइन रात्री बारानंतर आहे, मोटार चालू कराले जाता जाता अपडेटही लावून द्या, अन् सकाळी दोन्ही पाहा, पाणी कुठवर गेलं अन् टक्के किती झाले.