जेवणाआधी की नंतर? 'जागरूक वाचक' यांना उत्तर

साहेब,

"डॉक्टर नसताना ज्ञान पाजळू नका. पँटोप्राझोल जेवणाआधी घ्या की नंतर, पोटात गेल्याशी मतलब. वर्षानुवर्षं गोळी खाल्ल्याचे तोटे मात्र एका ओळीत उरकलेत." पँटोप्राझोल ही जठरातलं आम्ल कमी करणारी गोळी नाश्त्याआधी घ्या, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावर ही तुमची प्रतिक्रिया. मुद्दा मांडायला ना नाही, पण 'पाजळू नका' हे समोर बसून बोलला असतात का? लेखाचं शीर्षक भडक होतं, तेवढं मान्य.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. वडिलांच्या मेडिकलच्या काउंटरमागेच लहानाचा मोठा झालो. "पॅन फॉर्टीची अख्खी स्ट्रिप द्या" म्हणत लोक येतात (पॅन फॉर्टी म्हणजे हीच पँटोप्राझोल); चिठ्ठी मागितली की तोंड वाकडं. वर तक्रार, गोळी लागूच पडत नाही. कधी घेता? रात्री जेवून, झोपताना!

आता तुमचं 'पोटात गेल्याशी मतलब'. अहो, जठरात विरघळू नये म्हणूनच तर या गोळीवर आवरण असतं (म्हणून ती चावायची किंवा फोडायची नाही). ती विरघळते लहान आतड्यात, मग रक्तावाटे जठराच्या भिंतीतल्या पेशींपर्यंत पोचते. तिथले प्रोटॉन पंप आम्ल बाहेर टाकतात. त्यातल्या चालू पंपांनाच ती जखडते, तेही कायमचं. पुन्हा आम्ल यायला पेशीला नवे पंप घडवावे लागतात.

पंप जोरात चालू होतात ते खाल्ल्यावर, आणि औषध रक्तात जेमतेम काही तास टिकतं. म्हणून नाश्त्याआधी अर्धा ते एक तास. झोपताना घेतली तर बरेच पंप बंद, औषध येऊन निघून जातं. सगळे पंप एका दिवसात सापडत नाहीत, म्हणून पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. तडकाफडकी आराम हवा तर जेलुसिलसारखं अँटासिड. ते तयार झालेलं आम्ल मारतं. मात्र थायरॉईडच्या किंवा लोहाच्या गोळीसोबत नको. हा सगळा फरक तुमच्या लेखी शून्य!

राहिले तोटे. बी१२ आणि मॅग्नेशियम कमी होणं, हाडं ठिसूळ होणं: लिहिलं होतं, एका ओळीत का होईना. फार दिवस घेऊन एकदम थांबवली तर आम्ल उसळतं, आणि ॲस्पिरिनसोबत डॉक्टरांनी दिली असेल तर परस्पर बंद करायची नाही. झालं समाधान?

काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, विनाकारण वजन घटणं यातलं काही असेल, तर माझ्याशी वाद घालत बसू नका, डॉक्टर गाठा. नसेल तर खुशाल वाद घाला, फक्त पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने.